गुण कोकोचा, नाव चॉकलेटचं

गोड खायला माणसाला निमित्त पुरतं, आणि ‘चॉकलेट हृदयाला चांगलं’ हे निमित्त तर थेट विज्ञानाच्या नावावर खपतं. त्यात अगदीच तथ्य नाही असं नाही. पनामाच्या किनाऱ्यालगत सान ब्लास बेटांवर कुना आदिवासी राहतात. मीठ ते काही कमी खात नाहीत, तरी वयाबरोबर त्यांचा रक्तदाब वाढत नाही, हे हार्वर्डचे डॉ. नॉर्मन हॉलेनबर्ग यांच्या लक्षात आलं. अनुवंश म्हणावा, तर पनामा शहरात राहायला गेलेल्या कुनांना रक्तदाब जडत होताच. मोठा फरक दिसला तो पेल्यात. बेटावर घरोघरी दिवसातून अनेक पेले कोको प्यायला जाई. शहरात ती सवय सुटली. बेटावर मासे आणि फळंही जास्त होती, शहराची धावपळ नव्हती. पण तेवढा भाग व्हॉट्सअ‍ॅपवर कुणी पुढे पाठवत नाही!

कोकोतल्या फ्लॅव्हनॉलमुळे रक्तवाहिन्यांच्या अस्तरात नायट्रिक ऑक्साइड तयार व्हायला मदत होते, वाहिन्या सैलावतात, रक्तदाब थोडा उतरतो. थोडाच. पण फ्लॅव्हनॉल पडले कडवट, तुरट. बिया आंबवताना, भाजताना ते घटतात. चव सौम्य आणि रंग गडद यावा म्हणून कोकोवर अल्कलीची प्रक्रिया केली, की उरलेसुरलेही बरेचसे जातात. तेव्हा काळ्या रंगावर भाळण्यात अर्थ नाही.

अमेरिकेत 21 हजारांहून अधिक वयस्करांवर ‘कॉसमॉस’ नावाची चाचणी झाली. तीत चॉकलेट नव्हतंच, रोज 500 मिलिग्रॅम फ्लॅव्हनॉल देणाऱ्या कॅप्सूल होत्या. हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी दिसले, मात्र झटके, पक्षाघात वगैरे सगळं धरून ठोस फरक सिद्ध झाला नाही. खर्चाचा वाटा चॉकलेटवाल्या ‘मार्स’ने उचलला होता. 2023 मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने भरपूर फ्लॅव्हनॉल असलेल्या कोको पावडरीपुरता दावा करू दिला, तोही ‘पुरावा अत्यंत मर्यादित’ असं छापायच्या अटीवर. साधी कोको पावडर आणि चॉकलेट त्यातून वगळलं.

आपल्या दुकानातली वडी उलटी करून पाहा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. मिल्क चॉकलेटवर बहुधा पहिलं नाव साखरेचं असतं. आवडतं म्हणून खुशाल खा, घरच्यांनाही एकेक तुकडा द्या. रक्तदाबाची गोळी मात्र त्याच्या भरवशावर बंद करू नका.