माझा नंबर कधी?



2021 सालचे सुरुवातीचे महिने आठवतात का? दोन माणसे भेटली की पहिला प्रश्न असे, "लस घेतली का?" आणि दुसरा, "आपला नंबर कधी लागेल?"

मीही हा हिशेब करीत होतो. 16 जानेवारीला देशात लसीकरण सुरू झाले. आधी डॉक्टर, नर्स, आशाताई, अंगणवाडी सेविका. फेब्रुवारीत पोलीस, सफाई कामगार आणि आघाडीवरचे इतर कर्मचारी. 1 मार्चपासून साठीच्या वरचे, तसेच 45 ते 59 वयाचे गंभीर व्याधी असलेले लोक. 1 एप्रिलपासून 45 च्या वरचे सर्व, पण जन्म 1 जानेवारी 1977 च्या आधीचा हवा. माझा जन्म त्याच वर्षीच्या फेब्रुवारीतला. थोडक्यात हुकले! 1 मे रोजी 18 वर्षांवरील सर्वांना दार उघडले, तर लस अपुरी पडली. मेच्या मध्याला महाराष्ट्राने 18 ते 44 वयोगटाचे लसीकरण थांबवले आणि दुसऱ्या डोसची वाट पाहणाऱ्या मोठ्यांना ती लस दिली. जूनच्या उत्तरार्धात पुन्हा आमची वेळ आली. या सर्व तारखा मला तोंडपाठ होत्या.

मोहही झाला. एका ओळखीच्या माणसाने सांगितले, "दादा, तुमचे नाव आघाडीवरच्या कर्मचाऱ्यांच्या यादीत घालून टाकतो. कोण बघणार आहे?" मी नाही म्हणालो. पण खरे सांगतो, ते तत्त्वासाठी नव्हते. पकडले जाण्याची भीती होती. असे करणारे पुष्कळ निघाले असावेत. एप्रिलच्या सुरुवातीला केंद्र सरकारने या गटांची नवी नोंदणीच बंद केली, कारण अपात्र लोकांची नावे तिच्यात शिरत होती.

एका नावाने काय बिघडते, असे आपल्याला वाटते. पण लस मोजकी असते तेव्हा मी एक जागा पुढे सरकलो की कोणीतरी एक जागा मागे जातो. तो मला दिसत नाही, एवढेच. वृद्धांना आधी लस दिली ती मानाची जागा म्हणून नव्हे. या आजाराने मरण्याचा धोका वयाबरोबर वाढतो म्हणून. नर्सला आधी दिली, कारण ती आजारी पडली तर तिच्या वॉर्डातील सर्वच रुग्ण उघडे पडतात. म्हणजे रांगेत माझ्यापुढे उभा असलेला माणूस हा माझा अडथळा नव्हता. त्याची गरज माझ्यापेक्षा मोठी होती, म्हणून तो पुढे होता.

इतके मला समजले होते आणि त्याचे थोडे समाधानही वाटत होते. मग मे महिन्यात एके दिवशी आमच्या गल्लीतील एका आजींना सहज विचारले, "आजी, तुम्ही लस घेतली ना?" वय सत्तरीच्या पुढचे, एकट्या राहणाऱ्या. त्या म्हणाल्या, "मला कोनी सांगितलंच नाही, भाऊ. मोबाईल बी नाही माझ्याकडे."

त्यांचा नंबर 1 मार्चलाच लागला होता. दुसरी लाट जोरात असताना दोन महिने त्या तशाच राहिल्या होत्या. माझा नंबर कधी लागणार हे मी रोज मोजत होतो. चार घरे सोडून राहणाऱ्या आजींचा नंबर येऊन गेला, हे मला ठाऊक नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांना गाडीवर बसवून केंद्रावर नेले. लस मिळाली. देवाची कृपा की उशीर झाला नव्हता.

संत योहानच्या शुभवर्तमानात बेथेस्दा तळ्याकाठच्या माणसाची हकिकत आहे. अडतीस वर्षे तो आजारी होता. पाणी हलले की बरे होता येते, हे त्याला माहीत होते. पण त्याला पाण्यात सोडणारे कोणी नव्हते आणि तो सरकेपर्यंत दुसराच पुढे जाई. रांग होती, नियम होता, सर्वांना तळे खुले होते. तरी त्याची पाळी कधी येत नव्हती. प्रभू येशू त्या गर्दीत नेमका त्याच्याजवळ थांबला.

आपल्या जिल्ह्याला ही गोष्ट फार दूरची नाही. अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांत नर्मदेच्या काठावर असे पाडे आहेत, जिथे रस्ता नाही. होडीने जावे लागते किंवा डोंगर चढावा लागतो. कोविशील्डच्या एका कुपीत दहा डोस. कुपी एकदा फोडली की चार तासांत संपवावी लागे. लस थंड पेटीत घेऊन पाड्यावर पोहोचायचे आणि भ्यालेल्या माणसांशी त्यांच्या बोलीत बोलून दहा जण जमवायचे. ज्या आरोग्य कर्मचाऱ्यांनी हे केले, त्यांनी नुसती रांग लावली नाही. ज्यांच्यापर्यंत रांग पोहोचत नव्हती त्यांच्यापर्यंत ती नेली. त्याच काळात शहरात मोबाईलवर मिनिटाभरात जागा भरत होत्या. 'जो आधी येईल त्याला आधी' हा नियम न्यायाचा वाटतो. पण तो न्याय तेव्हाच, जेव्हा सर्वांना सारखेच येता येते.

जागतिक आरोग्य संघटनेने 5 मे 2023 रोजी कोविडची आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. याद्या मात्र संपलेल्या नाहीत. रेशनची यादी आहे, घरकुलाची आहे, निराधारांच्या पेन्शनची आहे. आपला नंबर पाहायला जाणे यात काही पाप नाही. पण यादी पाहायला जाल तेव्हा एक नाव जास्त पाहा. आपल्या गल्लीत, आपल्या पाड्यावर असा कोणी आहे का, ज्याचा नंबर केव्हाच येऊन गेला आणि त्याला कोणी सांगितलेच नाही?