समाधान कोणी कोणास सांगावे?

काही वर्षांमागची गोष्ट. मराठवाड्यातल्या एका लहानशा गावी पाडव्यापासून रामनवमीपर्यंत सप्ताह होता आणि सहाव्या दिवसाचे प्रवचन प्रस्तुत लेखकाकडे होते. विषय समाधानाचा घेतला होता. जेवढे पदरी पडले तेवढ्यात संतोष मानावा, हातचे काम देवाची सेवा समजून करावे, मीपणा टाकावा, असे तासभर सांगितले. मंडळींनी माना डोलावल्या. आपले प्रवचन बरे झाले असे मलाही वाटले. घोडे तिथेच पेंड खाते, हे थोड्या वेळाने कळले.

पंगत उठल्यावर हात धुवायला विहिरीकडे गेलो, तो एक पन्नाशीचा गडी आडवा आला. गळ्यात माळ, पाय अनवाणी. पाया पडून म्हणाला, "महाराज, एक इचारू का? राग नका मानू."

"विचारा, माउली."

"मी सालगडी. साल पाडव्याला सरलं. मालकाकडं माझी बाकी निघती. मागाय गेलो तर म्हणतेत, माळकऱ्यानं समाधानी असावं. तुमी बी आज तेच सांगितलं. मग आता मी मागू का नको?"

मालक कोण, असे विचारताच त्याने नुसते मंडपाकडे पाहिले. ज्यांनी त्या दिवशीची पंगत दिली होती, तेच गृहस्थ! त्यांच्याच घरची पोळी माझ्या पोटात होती. "पांडुरंग पाहील," असे काहीतरी पुटपुटून मी वेळ मारून नेली. त्या शब्दांची लाज मला अजून वाटते.

रात्री झोप लागेना. तेरच्या गोरोबाकाकांची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. संतमंडळी जमली असता त्यांनी थापटणे घेऊन एकेकाचे मडके पारखले आणि नामदेवांचे कच्चे ठरवले. नामदेवराय आधी दुखावले, पण पुढे विसोबा खेचरांचे पाय धरायला गेले, हे त्यांचे मोठेपण. माझ्या डोक्यावर त्या सालगड्याने थापटणे मारले होते, आणि आवाज कसा आला तो मीच ऐकला होता.

आपण अरणच्या सावता महाराजांचा दाखला नेहमी देतो. मळा सोडून ते पंढरीला गेले नाहीत, देवच त्यांच्या मळ्यात आला. दाखला खरा आहे. परंतु मळ्यातल्या कामात देव आहे हे सावतोबांना स्वतःला उमगले होते. कोणी बांधावर उभे राहून त्यांना बजावले नव्हते. उलट मंगळवेढ्याचे चोखोबा पाहा. गावकुसाच्या कामावर असता ते कूस कोसळले आणि त्याखाली इतर मजुरांबरोबर त्यांचा देह गेला. ते साल इ. स. १३३८. याच चोखोबांनी देवाकडे स्पष्ट गाऱ्हाणे घातले आहे. आपल्याला दूर का ठेवले, असे खुद्द विठ्ठलाला विचारले आहे. म्हणून त्यांची भक्ती उणी ठरली काय? त्यांची समाधी महाद्वारापाशी, आणि त्यांच्या जातभाईंना दार बंद, असे कित्येक शतके चालले. 'बाहेरूनच कळसाला हात जोडा आणि समाधान माना' असे सांगणारे सगळे आत उभे होते. मे १९४७ मध्ये साने गुरुजींना पंढरपुरात प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले, तेव्हा ते दार उघडले.

आणि तुकोबाराय? घरी महाजनकी, सावकारीची खतपत्रे. धाकट्या भावाचा वाटा त्याला देऊन त्यांनी आपल्या वाट्याचे कागद इंद्रायणीत सोडले, अशी परंपरा सांगते. येणे असलेल्या कुळाला त्यांनी 'तू संतोषी राहा' म्हटले नाही. संतोषाची सुरुवात त्यांनी आपल्या तिजोरीपासून केली. मला वाटते, समाधान हा शब्द माणसाने स्वतःशी बोलायचा आहे. देणेकऱ्याने तो घेणेकऱ्याला ऐकवला की तो तोंड दाबायचा बोळा होतो, मग त्यावर गोपीचंदन कितीही लावा!

काल्याच्या दिवशी त्या गृहस्थांना बाजूला घेऊन मी हे बोललो. ते हसून म्हणाले, "महाराज, आपण परमार्थाचं पाहावं." पुढच्या साली त्या गावचे बोलावणे आले नाही.

त्याच वर्षी कार्तिकीला चंद्रभागेच्या वाळवंटात तो गडी पुन्हा भेटला. आता दुसऱ्याकडे साल धरले होते.

मी आधी तेच विचारले. "बाकी मिळाली?"

"निम्मी दिली. ऱ्हायलेल्या निम्मीसाठी दर बाजारी त्यांच्या दारात जातो. राम राम घालतो, मागतो, माघारी येतो."

"मन कामात लागतं का मग?"

तो जरा वेळ वाळूत रेघा ओढत बसला. मग म्हणाला, "लागत नव्हतं, महाराज. औंदा जवारी पेरताना डोस्क्यात तेच चाललेलं. रागात चाडं धरलं की मूठ चुकती. आठ दिसांनी उगवण दिसली तर एक पट्टा दाट, एक इरळ. नवा मालक काय बोलला नाही, पण मलाच झोप येईना. मग इरळ पट्ट्यात हातानं नांगे भरले, दोन दिस वाकून. ज्यानं बुडवलं त्याचा राग बियाण्यावर कशाला? अन् जवारी काय मालकाची एकट्याची असती व्हय? खाणारी तोंडं कुठली कुठली."

"त्यांच्यावरचा राग गेला?"

"कुठला जातोय! पण पेरताना त्याला बांधावर बसवतो."

मी काही बोललो नाही. पलीकडे त्याच्या दिंडीची हाक आली. टाळ गळ्यात अडकवीत तो उठला. "येतो महाराज. शुक्रवारी बाजार हाय, त्याच्या आत गाव गाठाय पायजे."