श्रवणाचा अधिकार

नवविधा भक्तीत श्रवणाला पहिले स्थान का, असे विचारले की आपले कीर्तनकार बहुधा परीक्षिताची कथा सांगतात. मरणाला सात दिवस उरले असता जो गंगातीरी शुकाचार्यांसमोर बसला आणि केवळ ऐकण्यानेच ज्याने आपल्या आयुष्याचे सार्थक करून घेतले, तो श्रवणभक्तीचा आदर्श होय. परंतु समर्थांनी दासबोधाच्या चौथ्या दशकाच्या पहिल्या समासात श्रवणाची जी व्याप्ती सांगितली आहे, ती याहून पुष्कळ मोठी आहे. कर्ममार्ग, ज्ञानमार्ग, वैराग्य, व्रते आणि तीर्थे ही तर तेथे आहेतच; पण त्यांच्याच पंक्तीला भूगोल आणि खगोल, मेघमंडळे, रागज्ञान आणि तालज्ञान, औषधी, धातू, नाडीज्ञान, कोणत्या दोषाने कोणता रोग होतो याची माहिती, एवढा सगळा प्रपंच येऊन बसला आहे. हे अवघे ऐकावे, आणि मग त्यातील सार घेऊन असार टाकावे, असा त्यांचा दंडक. भक्तीच्या प्रकरणात या सगळ्याचे प्रयोजन काय, याचा विचार करताना मुंबई आकाशवाणीच्या एका दिवसाचा कार्यक्रम मला भाष्यग्रंथांइतकाच उपयोगी पडला आहे.

ज्या काळी गिरगावातल्या चाळीत एका मजल्यावर एखाददुसराच रेडिओ असे, खोलीच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत तांब्याच्या जाळीची एरियल ताणलेली असे, आणि दरसाल टपालकचेरीत फी भरून परवान्याच्या पुस्तिकेवर शिक्का मारून आणावा लागे, त्या काळचा तो दिवस आहे. बटण फिरवले की आतल्या व्हॉल्व्हना ऊब येईपर्यंत काचेमागचा पिवळा उजेड तेवढा दिसे. आवाज मागाहून येई. तंबोऱ्याच्या साथीवरची व्हायोलिनची जी सुरावट पहाटे प्रथम कानी पडे, ती वॉल्टर कॉफमन यांच्या नावावर आहे. हिटलरच्या छायेतून निघून १९३४ साली मुंबईच्या आश्रयाला आलेल्या एका ज्यू संगीतज्ञाच्या स्वरांनी लक्षावधी हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती आणि बौद्ध घरांची सकाळ सुरू व्हावी, या गोष्टीत मला नेहमीच काहीतरी पवित्र वाटत आले आहे. त्या सुरांमागून भक्तिगीते येत, मग बातम्या; दुपारी वनिता मंडळ; संध्याकाळी परळ-लालबागच्या गिरण्यांतून सुटणाऱ्या माणसांसाठी कामगार सभा; कधी बाजारभाव, कधी शेतकऱ्यांसाठी खतांची माहिती; रात्री एखादी श्रुतिका, ‘पुन्हा प्रपंच’मधले टेकाडे भाऊजी आणि मीना वहिनी; आणि अखेरीस ख्याल. हा क्रम ऐकणाऱ्याने ठरवलेला नसे. तुकोबांच्या अभंगासाठी लावलेला रेडिओ बातम्याही सांगे, आणि बातम्यांसाठी कान देऊन बसलेल्याच्या पदरी अभंग पडे.

त्यातही जे आपल्यासाठी सांगितलेलेच नाही, ते ऐकण्याला मी विशेष महत्त्व देतो. समुद्र खवळलेला राहील, मच्छीमारांनी होड्या घालू नयेत, हा इशारा वरळीच्या किंवा माझगावच्या कोळ्यासाठी असे. परंतु ज्याने आयुष्यात वल्ह्याला हात लावला नाही, अशा लालबागच्या साचेवाल्याच्या आणि ठाकुरद्वारच्या कारकुनाच्याही कानांवर तो पडे. कोणाचा तरी घरधनी या घटकेला पाण्यावर असेल, एवढी जाणीव क्षणभर का होईना त्याच्या मनाला शिवे. मेघमंडळांची वार्ता श्रवणभक्तीत का मोडते, याचे मला सुचलेले उत्तर हेच आहे. आपल्या सुखदुःखाच्या कुंपणापलीकडे जग आहे आणि तेही आपलेच आहे, हे ज्या ऐकण्याने कळते, ते ऐकणे ईश्वराच्या दिशेनेच जाते. ‘बहुजनहिताय बहुजनसुखाय’ हे बुद्धवचन आकाशवाणीने ब्रीद म्हणून घेतले. भिक्खूंनी गावोगाव हिंडावे म्हणून तथागतांनी केलेला तो उपदेश घरोघर पोचणाऱ्या आवाजाला शोभून दिसतो.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. दादरच्या अखिल भारतीय कीर्तन संस्थेत जो कीर्तनाचे शिक्षण घेतो, त्याला श्रोत्यांच्या चेहऱ्यांकडे पाहून पूर्वरंग आवरता किंवा वाढवता यावा लागतो. शुकाचार्यांसमोर परीक्षित होता आणि परीक्षितासमोर शुकाचार्य. ज्या वक्त्याला श्रोता दिसत नाही आणि ज्याला श्रोता प्रश्न विचारू शकत नाही, त्याचे बोलणे कानांवर पडणे याला श्रवण म्हणावे काय? समोरासमोर बसण्याचे मोल मी मान्य करतो. तरीही धृतराष्ट्राचे स्मरण ठेवावे लागते: संजय त्याच्या शेजारीच बसला होता, संपूर्ण गीता त्याने ऐकली, वाटेल तो प्रश्न विचारण्याची त्याला मुभा होती, आणि पुत्रमोहातून तो तसूभरही हलला नाही. वक्त्याच्या सान्निध्याने श्रवण सिद्ध होत असते, तर त्याचे झाले असते. उणे पडले ते ऐकल्यानंतरचे काम, जे समर्थांनी श्रोत्यावर सोपवले आहे.

ते काम श्रोत्याच्या आधी दुसऱ्या कोणी उरकून टाकू नये, असे मला ठामपणे वाटते. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ ते १९६२ या काळात नभोवाणीचे मंत्री होते. अभिजात संगीतावरील त्यांची निष्ठा निर्विवाद होती, आणि ‘राष्ट्रीय संगीत कार्यक्रम’ १९५२ सालीच सुरू झाल्याने बैठकीपर्यंत कधी न पोचलेल्या माणसाला थोर गवयांचे गाणे मिळाले, हे ऋण मोठे आहे. त्याच कालखंडात, १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीपासून पुणे केंद्रावर माडगूळकर आणि फडके यांचे गीतरामायण वर्षभर, छप्पन्न गीतांतून चालले, आणि लोक रेडिओला हार घालून ते ऐकायला बसले. परंतु चित्रपटगीते हे असार होय, हा निवाडा केसकरांनी लोकांनी ऐकण्याआधीच दप्तरात करून टाकला. लोकांनी सुई रेडिओ सिलोनकडे वळवली. मुंबईतच ध्वनिमुद्रित होणारी ‘बिनाका गीतमाला’ मुंबईकर कोलंबोहून ऐकू लागले, आणि ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करून सरकारला तो हुकूम प्रत्यक्षात मागे घ्यावा लागला. आज नेमकी उलटी स्थिती आहे, पण दोष तोच आहे. हातातले यंत्र काल जे आवडले तेच आज पुढे करते, म्हणजे निवड पुन्हा श्रवणाच्या आधीच होऊन बसते; फरक इतकाच की पूर्वी ती मंत्र्याची मर्जी करी, आता आपलीच कालची मर्जी करते. कोळ्याला दिलेला इशारा आता फक्त कोळ्याच्याच मोबाइलवर जातो.

आपल्या परंपरेत या आगाऊ निवडीचे एक याहून फार कठोर रूप होते: तेथे विषयांआधी श्रोतेच निवडले जात. ब्रह्मसूत्रांच्या अपशूद्राधिकरणात वेदाचे श्रवणच शूद्राला निषिद्ध ठरवले आहे, आणि इतिहास-पुराणांची मोकळीक ठेवल्याने त्या निषेधाचा अन्याय कमी होत नाही. वैशेषिकांनी शब्दाला आकाशाचा गुण म्हटले. आकाश सर्वांवर सारखे पसरले आहे हे त्यांनाही ठाऊक होते. तरी त्या गुणाच्या वाटणीला पहारे बसले. संतांनी ते पहारे भक्तीच्या बळावर ओलांडले. यंत्राने ते नकळत ओलांडले: २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले, तेव्हापासून परवान्याची फी भरणाऱ्याला त्याची जात कोणी विचारली नाही.

परळच्या बी. आय. टी. चाळीत ज्यांची उमेदीची वर्षे गेली, त्या बाबासाहेब आंबेडकरांनी ३ ऑक्टोबर १९५४ रोजी नभोवाणीवरून आपले जीवनविषयक तत्त्वज्ञान सांगितले: स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही तीन तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून घेतलेली नसून आपले गुरू बुद्ध यांच्या शिकवणुकीतून घेतली आहेत, त्यांचे मूळ राजकारणात नसून धर्मात आहे. कामगार मैदानावरच्या त्यांच्या सभेला जे गृहस्थ कधी गेले नसते, त्यांच्या दिवाणखान्यातही तो आवाज विनापरवानगी शिरू शकत होता. आणि ३० जून १९७४ पासून आकाशवाणीने संस्कृत वार्तापत्र सुरू केले. ज्या भाषेतील श्रुती ऐकण्याची पिढ्यान्‌पिढ्या मनाई होती, ती भाषा त्या मनाईचा उच्चारही न करता नायगावच्या बी. डी. डी. चाळीत इतर बातम्यांसारखीच ऐकू येऊ लागली, आणि तिच्यातले सार कोणते व असार कोणते हे ठरवण्याचा अधिकारही आता तेथल्याच ऐकणाऱ्याकडे आला.