समदर्शन, पण खुन्याबाबतही?



आज गीतेच्या पाचव्या अध्यायातला अठरावा श्लोक. विद्वान ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रं आणि समाजानं सगळ्यात खाली ढकललेला माणूस, ज्ञानी या सगळ्यांना सारख्याच नजरेनं पाहतो, असं भगवंत सांगतात. वाचायला फार गोड आहे हो. पण त्या यादीत एक खुनी घालून बघा. मग जमतं का?

हा श्लोक आला की मला विल्यम सेवर्ड आठवतो. अमेरिकन वकील आणि राजकारणी. पुढे परराष्ट्रमंत्री असताना १८६७ मध्ये रशियाकडून ७२ लाख डॉलरला अलास्का घेतला, तोच हा. मला मात्र त्याची १८४६ ची गोष्ट अलास्कापेक्षा मोठी वाटते.

न्यूयॉर्क राज्यातलं ऑबर्न हे त्याचं गाव. राज्याचं गव्हर्नरपद संपवून तो पुन्हा वकिली करत होता. त्या मार्चमध्ये गावाजवळ व्हॅन नेस्ट कुटुंबाच्या घरात विल्यम फ्रीमन नावाचा कृष्णवर्णीय तरुण सुरा घेऊन शिरला आणि त्यानं चौघांना मारलं. त्यात एक दोन वर्षांचं बाळ होतं. लोक इतके खवळले, की खटला कशाला, आत्ताच लटकवा म्हणत होते.

फ्रीमनची मागची कहाणी अशी. कोवळ्या वयात घोडा चोरल्याच्या आरोपावरून तो पाच वर्षं ऑबर्नच्याच तुरुंगात होता. मी चोरी केलीच नाही, असं त्याचं म्हणणं. तिथं डोक्यात फळी घातली गेली, ऐकू येणं जवळजवळ गेलं. सुटल्यावर त्याचा एकच धोशा: फुकट राबवलंत, त्या वर्षांची मजुरी द्या. ती कोण देणार?

कोर्टात सेवर्ड त्याच्यासाठी उभा राहिला. फी घेतली नाही. गाव बिथरलं, मतं मागणाऱ्या माणसाला हे परवडणारं नव्हतंच. पत्नी फ्रान्सिस मात्र पाठीशी होती. समोर सरकारी बाजूनं माजी राष्ट्राध्यक्षांचा मुलगा, जॉन व्हॅन ब्युरेन.

आरोपीचं मन ठिकाणावर नाही, असा सेवर्डचा मुद्दा होता. पण मला खरा भिडतो तो त्याचा दुसरा मुद्दा. ज्युरीला त्यानं सांगितलं, याला माणूस धरा, आणि अशाच परिस्थितीत गोऱ्यावर जेवढी जबाबदारी टाकाल तेवढीच याच्यावर टाका. म्हणजे बघा, दया मागितली नाही, माप एकच मागितलं. आपण समदर्शन म्हणजे सगळ्यांबद्दल मऊ वाटणं समजतो. तसं असतं तर गाईला आणि कुत्र्याला एकच चारा घालावा लागला असता!

तरीही खरं सांगू? ते बाळ माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. व्हॅन नेस्टांचे नातेवाईक त्याच गावात सेवर्डकडे कसे बघत असतील? त्यांचा राग मला चुकीचा म्हणवत नाही. समदर्शनात तेही येतात ना. फ्रीमनचं दुःख मोजताना त्यांचं विसरणं हाही भेदच झाला.

ज्युरीनं फ्रीमनला दोषी ठरवलं, फाशी सुनावली. सेवर्ड वर गेला, तिथं निकाल रद्द होऊन नवा खटला चालवायचा ठरला. तो चालायच्या आत, ऑगस्ट १८४७ मध्ये फ्रीमन कोठडीतच मेला. शवविच्छेदनात मेंदू रोगानं पोखरलेला निघाला. आपलं बरोबर होतं, हे सेवर्डला असं कळलं. गावातल्या कितीजणांना पटलं असेल, देव जाणे.

१८७२ मध्ये सेवर्ड गेला. ऑबर्नच्या फोर्ट हिल दफनभूमीत त्याच्या थडग्यावर तो एकनिष्ठ होता, एवढंच कोरलंय. गव्हर्नरपदाची फुशारकी नाही की अलास्काची. हे शब्द कुणीतरी आपल्या थडग्यावर लिहावेत, ही इच्छा त्यानं फ्रीमनच्या खटल्यातच बोलून दाखवली होती.

उद्या एकोणिसावा श्लोक घेऊ. हरी हरी!