मातीवांचून

मातीला आपण आई म्हणतों तें केवळ रूढीनें, कीं तिच्या उपकारांची खरोखर जाणीव ठेवून, हा प्रश्न आम्हांस गेल्या उन्हाळ्यांत पडला. खिडकींत नळ्या बसवून क्षारमिश्रित पाण्यावर पालक व पुदिना वाढविण्याची मांडणी आम्हीं हौसेनें केली होती. रोपें तरारलीं, तेव्हां माती ही झाडाची संवय आहे, गरज नव्हे, असा गर्वही मनांत शिरला.

या गर्वाला शास्त्राचा आधार होता. ब्रसेल्सच्या व्हान हेल्माँटनें 200 पौंड कोरड्या मातींत वाळुंजाच्या जातीचें रोप लावून पांच वर्षें त्यास केवळ पाणी घातलें. झाड 169 पौंडांचें झालें. माती मात्र सुमारें दोन औंसच घटली. हा वृत्तान्त त्याच्या मृत्यूनंतर 1648 सालीं प्रसिद्ध झाला. झाड पाण्याचेंच बनतें, हा त्याचा निष्कर्ष चुकीचा होता. हवेंतील कर्बवायूचा वाटा त्यानें धरला नाहीं, आणि त्या दोन औंसांचें मोलही त्यास कळलें नाहीं. पुढें 1860 च्या सुमारास जर्मनींत साक्स व क्नोप यांनीं आवश्यक क्षार पाण्यांत विरघळवून मातीवांचून रोपें वाढविलीं. कॅलिफोर्नियांतील गेरिक यानें 1937 सालीं या विद्येस 'हायड्रोपोनिक्स' हें नांव दिलें.

पुढें ज्येष्ठांत आम्ही चार दिवस परगांवीं गेलों. मागें वीज गेली, पंप थांबला आणि मुळांवरून वाहणारी धार आटली. परत येऊन पाहतों तों सारीं रोपें वाळलेलीं! दाराशीं कुंडींतली तुळसही मलूल झाली होती. परंतु तांब्याभर पाणी घालतांच ती सायंकाळपर्यंत सांवरली.

तेव्हां उमगलें कीं, माती झाडाला केवळ अन्न देत नव्हती. ती आमची चूक पोटांत घालीत होती. पाणी धरून ठेवणें, मुळांना हवा पुरविणें, क्षार सांठवून हळूहळू देणें, आंबटपणा फार चढूं-उतरूं न देणें, हीं सारीं कामें ती न बोलतां करीत होती. तिला निरोप देतांच तीं सर्व आमच्या शिरावर आलीं, आणि आम्ही तर मुक्त झालों अशा भ्रमांत होतों.

म्हणून ही विद्या त्याज्य आहे काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. तेंच पाणी पुन्हापुन्हा फिरविल्यानें तें पुष्कळ वांचतें. खडकाळ बेटावर किंवा अवर्षणाच्या मुलखांत हा लाभ लहान नव्हे. ती अनैसर्गिक आहे, हा आक्षेपही पोकळ आहे. नांगर तरी निसर्गानें कोठें दिला होता? दोष विद्येचा नाहीं, कृतघ्नतेचा आहे. ज्याच्यावांचून आपलें चालतें, त्याचे उपकार नव्हतेच असें मानणें हा खरा अधर्म. मूक सेवकास रजा द्यावी, पण त्याचें काम ओळखून आणि तें स्वतः उचलण्याची तयारी ठेवून.

आतां परगांवीं जातांना नळ्यांकडे पाहण्याविषयीं आम्ही शेजाऱ्यांस बजावून जातों. तुळशीविषयीं सांगण्याचें अजूनही आमच्या ध्यानांत राहत नाहीं.