ओझ्यासाठीं राखलेली उंची

मनुष्याची पारख तो मोकळा असतांना करावी कीं त्याच्या पाठीवर भार असतांना, हा प्रश्न तसा जुनाच आहे. परंतु मला तो नव्यानें पडला, तो अमेरिकेंत टेक्सासमध्यें राहणाऱ्या माझ्या पुतण्याच्या घरीं, त्याच्या पिकअप मोटारीपाशीं उभा असतांना.

मागें उघडा हौद असलेली ही मोटार. पुतण्याची तक्रार अशी कीं, तिचा पुढचा भाग मागच्यापेक्षां दोनएक इंच खालीं आहे. तेव्हां पुढच्या स्प्रिंगांवर चकत्या बसवून तो तितका उचलावयाचा, आणि ३० इंच व्यासाच्या टायरांऐवजीं ३३ इंची टायर चढवावयाचे, असा त्याचा बेत होता. "काका, बघा ना, मान खालीं घालून उभी राहिल्यासारखी दिसते," तो म्हणाला.

यंत्रविद्या हा माझा विषय नव्हे. परंतु चौकशी करतां कळलें कीं, हें न्यून नसून योजना आहे. कारखानदार मागची बाजू बुद्ध्याच उंच ठेवतात. हौदांत माल भरला म्हणजे मागचे कमानपाटे दबतात व गाडी समपातळीवर येते. रिकामेपणीं जी सरळ केली, ती भार पडतांच मागें बसते व तिचें तोंड वर होतें. मग तिचे दिवे रस्ता सोडून समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत शिरतात.

टायरांची गोष्ट याहूनही बोधप्रद आहे. वेगदर्शक कांटा वस्तुतः वेग पाहत नाहीं. तो चाकाच्या फेऱ्यांवरून वेगाचा हिशेब करतो. चाक दशांशानें मोठें झालें आणि कांटा पुन्हा जुळवून घेतला नाहीं, तर तो ६० मैल दाखवीत असतां गाडी ६६ मैलांच्या वेगानें धांवत असते. मनुष्याचेंही असेंच होतें. तो आपला पसारा वाढवितो, माप मात्र जुनेंच ठेवतो. आणि त्याला अगदीं प्रामाणिकपणें वाटत असतें कीं, आपण मर्यादेंतच आहों!

कोणी म्हणेल, शोभा हीही एक गरजच नव्हे काय? शिवाय दगडधोंड्यांच्या वाटेनें जाणाऱ्यास उंच गाडी व मोठें चाक लागतेंच. हें सर्व मान्य. परंतु खरा प्रश्न शोभेचा नसून तिची किंमत कोण देतो, हा आहे. तेथील इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी या संस्थेनें २०२३ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत, ४० इंचांहून उंच बॉनेटच्या गाडीची धडक बसल्यास पादचाऱ्याच्या मृत्यूचा संभव, ३० इंच वा त्याहून कमी उंचीच्या उतरत्या बॉनेटच्या गाडीपेक्षां सुमारें ४५ टक्क्यांनीं अधिक आढळला. उंचीचा आनंद मालकाचा. तिची किंमत देणारें मात्र रस्ता ओलांडणारें कोणाचें तरी मूल असूं शकतें.

येथें मला माझी एक जुनी चूक आठवली. या मुलाचे वडील म्हणजे माझे थोरले बंधु. पैपैचा हिशेब ठेवावयाचा आणि सणावारींही हात आखडता घ्यावयाचा, असा त्यांचा स्वभाव. मी त्यांस कृपण म्हणत असें. मित्रमंडळींत त्यांची थट्टाही करीत असें. पुढें आमचे वडील अंथरुणास खिळले, तेव्हां नऊ महिने औषधपाण्याचा सारा भार दादांनीं एकट्यांनीं उचलला. माझ्या घरीं त्या वेळीं पुस्तकें पुष्कळ होतीं, पैसा नव्हता. ज्याला मी वांकडेपणा समजत होतों, ती ओझ्यासाठीं राखलेली उंची होती. मीं त्यांची क्षमा कधीं मागितली नाहीं.

पुतण्यास ही हकीकत ठाऊक नव्हती. ती ऐकून तो बराच वेळ गाडीकडे पाहत राहिला. पुढल्या शनिवारीं त्यानें टायर बदलले; पण एकच इंच मोठे घेतले, कांटा जुळवून आणला, आणि पुढचा भाग होता तसाच राहूं दिला. आपला उपदेश सोळा आणे मानला जावा, अशी अपेक्षा शिक्षकानें करूं नये. परंतु एखाद्याची ठेवण आपल्या डोळ्यांस खुपूं लागली, म्हणजे निवाडा देण्यापूर्वीं एवढें तरी पाहावें कीं, त्याचा हौद आज रिकामा तर नाहीं?