गळाला लागलेली संमति

अलास्कांतील अँकरेज शहराहून दक्षिणेस निघालेला रस्ता समुद्राची खाडी उजव्या हातास ठेवून जातो आणि सुमारें १०० मैलांवर कीनाय व रशियन या नद्यांच्या संगमापाशीं पोंचतो. उन्हाळ्यांत येथें मोटारींची रीघ लागते. प्रवासाचा बेत आंखणारे गृहस्थ पंचांगांत मुहूर्त पाहावा तशी सॅमन माशांच्या आगमनाची वेळ पाहतात : रशियन नदींत सॉकाय, म्हणजे लाल सॅमनचा, एक लोंढा जूनमध्यें येतो, दुसरा जुलैच्या मध्यापासून. (आपल्याकडील रावसास ‘इंडियन सॅमन’ म्हणतात खरें, पण त्याचें या माशाशीं गोत्र जुळत नाहीं.) तंबू, परवाना, गळ, सर्वांची तरतूद होते. एका प्रश्नास मात्र तींत सहसा स्थान नसतें : आपण मासा खाण्यासाठीं जात आहों कीं खेळण्यासाठीं ?

हा प्रश्न कोणास फाजील वाटेल. पण या माशाची स्थिति निराळी आहे. बहुधा दोन-तीन वर्षें समुद्रांत काढून तो जन्मनदीकडे परततो, आणि गोड्या पाण्यांत शिरल्यावर त्याचें खाणें सुटतें. अंगच्या चरबीच्या शिदोरीवर प्रवाहाविरुद्ध चढायचें, वीण करायची आणि मरायचें, एवढेंच त्याचें उरलेलें आयुष्य. गळाकडे तो भुकेनें येत नाहीं. सॉकाय तर बहुधा गळ धरीतच नाहीं. वाहती दोरी त्याच्या उघड्या तोंडांतून सरकते आणि गळ जबड्यांत रुततो. तरीहि तेथील कायदा सांगतो कीं, गळ तोंडांतच लागला पाहिजे. पाठीस वा पोटास लागल्यास मासा तत्काळ सोडावा. या नियमाचे व्यावहारिक लाभ आहेतच. पण मला त्यांत आणखी कांहीं दिसतें. मासा आपण होऊन फसला, या समजुतीवांचून खेळणाऱ्याच्या मनास स्वस्थता नाहीं. म्हणून फसवणुकीसहि संमतीचा पोषाख चढवावा लागतो.

‘धरून सोडून देतों, मग हिंसा कोठें झाली ?’ असें कित्येक सज्जन विचारतात. विरळ झालेले मासे या रीतीनें कांहीं अंशीं वांचतात, हें खरें. परंतु सॅमनचा हिशेब वर्षांचा नसून शक्तीचा असतो. झुंजींत खर्चलेली शिदोरी पुन्हा भरत नाहीं. स्वित्झर्लंडनें २००८ सालच्या नियमांत, सोडून देण्याच्याच इराद्यानें मासे धरण्यास बंदी केली. ती मला अतिरेकी वाटत नाहीं.

याउलट कीनायच्या मुखापाशीं जुलैमध्यें अलास्कावासी कुटुंबें लांब दांड्याचीं जाळीं घेऊन पाण्यांत उभीं राहतात. कुटुंबप्रमुखास २५ मासे, घरांतील प्रत्येक माणसामागें आणखी १०. परगांवच्या प्रवाशास हा हक्क नाहीं. तेथें कौशल्याचा डौल नाहीं. हिवाळ्याची बेगमी आहे. मारण्याचें कृत्य तेंच, किंबहुना अधिक. तरी मला तें अधिक प्रामाणिक वाटतें. शाकाहारी वाचकांस हें पटणार नाहीं. त्यांच्याशीं माझा वाद नाहीं.

आणि भूक हेंहि अमर्याद समर्थन नव्हे. उत्तरेकडील युकॉन नदीवर किंग सॅमन इतका घटला कीं, २०२४ सालीं अमेरिका व कॅनडा यांच्या अधिकाऱ्यांनीं त्याची मासेमारी सात वर्षें थांबविण्याचा करार केला. नदीकांठच्या आदिवासींचें तें पिढ्यान्‌पिढ्यांचें अन्न. त्यांना हात आवरावा लागतो. मग सुटींत आलेल्या प्रवाशानें परवान्याची मर्यादा तीच आपल्या पोटाची मर्यादा कां समजावी? घरीं नेऊन खरोखर किती मासे खाल्ले जातील, तें बेत आंखतांनाच ठरवावें, आणि तेवढे मिळाल्यावर गळ मोटारींत ठेवावा. दिवस उरलेच तर रशियन नदीच्या धबधब्यापर्यंत जंगलांतून पायवाट जाते. तेथें मासे धरण्यास मनाई आहे. कठड्याशीं उभें राहून ते फेसाळ पाण्यावर पुन्हा पुन्हा उड्या घेतांना पाहतां येतात.